आठ दिवसांनी या

सोमवारी दवाखान्यात गेलात आणि डॉक्टर म्हणाले, ‘आठ दिवसांनी दाखवायला या’, तर तुम्ही कधी जाता? पुढच्या सोमवारी. मंगळवारी जाणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. ‘पंधरा दिवसांनी या’ म्हटलं की आपण दोन आठवड्यांनी त्याच वारी, म्हणजे चौदा दिवसांनी हजर होतो. आजचा दिवस धरून मोजायची ही आपली जुनी रीत. माणसांना ती शिकवावी लागत नाही, कॉम्प्युटरला शिकवावी लागते.

मी मूळचा सावद्याचा, जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यातल्या. इंजिनिअरिंग करून गेली काही वर्षं पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी करतोय. गावातल्या एका डॉक्टरांनी मला एक छोटं काम सांगितलं: पेशंटना पुढच्या तारखेची आठवण जाईल असं काहीतरी करून दे. बीपी-शुगरचे पेशंट महिन्याची गोळी संपली की येतच नाहीत, चक्कर येऊन पडले की येतात, ही त्यांची तक्रार. मला वाटलं, दोन शनिवार-रविवारचं काम आहे. पण ‘आठ दिवसांनी’चं काय करायचं इथपासून प्रश्न सुरू झाले आणि लोकांना आठवण कशी केलेली आवडते या प्रश्नाशी येऊन थांबले. याआधी हे काम कुणी कसं केलं, हे शोधायला गेलो तर हाताला दोनशे वर्षांचा इतिहास लागला.

आठवा दिवस

डॉक्टरांनी दिलेली तारीख पाळणं ही गोष्ट आपल्याकडे सार्वजनिक झाली ती देवीच्या लशीमुळे. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली गेली. भारतातली ही पहिली यशस्वी लस. लस युरोपातून बगदाद, बसरा असा प्रवास करत आली होती, आणि तो प्रवास बाटलीतला नव्हता. तेव्हा फ्रिज नव्हते. लस माणसाच्या दंडातच जिवंत ठेवावी लागायची. एका मुलाला टोचायचं, आठवडाभरात तिथे पाण्याचा फोड यायचा, त्या फोडातला द्रव घेऊन पुढच्या मुलाला टोचायचं. ॲनाच्या दंडातून पुढची मुलं टोचली गेली आणि तिथून लस पुणे, सुरत, हैदराबाद, मद्रास अशी पसरली. स्पेनच्या राजाने १८०३ मध्ये हीच लस अमेरिका खंडातल्या आपल्या वसाहतींकडे धाडली, तेव्हा जहाजावर बावीस अनाथ मुलं चढवली होती. वाटेत दोघादोघांना टोचत साखळी चालू ठेवायची, म्हणून.

फोड काढणीला येतो तो साधारण आठव्या दिवशी. उशीर झाला तर फोड सुकतो आणि साखळी तुटते. त्यामुळे ‘आठ दिवसांनी पोराला परत आणा’ या सांगण्यात दोन कामं होती. लस लागली की नाही हे बघायचं, आणि पुढच्या मुलांसाठी द्रव काढून घ्यायचा. पहिलं काम त्या मुलाच्या भल्याचं होतं. दुसऱ्याचा त्याला काहीच फायदा नव्हता, उलट दंडाला पुन्हा इजा. आईबापांना हे कळत होतं. कुणाच्या मुलाच्या दंडातलं कुणाच्या दंडात जाणार, ही जातीची अडचण वेगळीच. लस टोचून घ्यायची आणि आठव्या दिवशी घराला कुलूप लावून शेतावर निघून जायचं, हा सोपा उपाय होता.

सरकारने यावर कायदा आणला. मुंबई शहरासाठी १८७७ मध्ये लसीकरणाचा कायदा झाला, १८८० मध्ये हिंदुस्थान सरकारने एक केला आणि १८९२ मध्ये मुंबई इलाख्यातल्या जिल्ह्यांसाठी आणखी एक आला. मूल टोचायला आणायचं, टोचल्यावर तपासणीला हजर करायचं, न आणल्यास नोटीस, तरीही न आणल्यास मॅजिस्ट्रेटपुढे जाऊन दंड, अशी त्यांची साधारण चाल. आपल्या भागात सरकारी कागद घेऊन आलेल्या माणसाकडे लोक आधीच संशयाने बघत. १८५२ मध्ये जमीन मोजणीविरुद्ध सावदा, रावेर, चोपडा या पट्ट्यात मोठा दंगा झाला होता आणि तो मोडायला लष्कर आणावं लागलं होतं. ज्यांच्या बापजाद्यांनी सरकारची मोजणी अडवली, त्यांच्या दारात तीस-चाळीस वर्षांनी लस टोचणारा वही घेऊन उभा राहिला, तेव्हा त्याचं स्वागत कसं झालं असेल याची कल्पना करता येते.

पुढे वासरांच्या अंगावर लस तयार करायची पद्धत रुळली, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेळगावात लस बनवणारी संस्था उभी राहिली, आणि मुलाच्या दंडाची गरज संपली. तरीही ‘न आलास तर बघ’ हा सूर सरकारी आरोग्याच्या भाषेत बराच काळ राहिला. आजही रिमाइंडरच्या मेसेजात ‘अनुपस्थित राहिल्यास’ असे शब्द दिसले की मला तो आठवा दिवस दिसतो.

दवंडी आणि कार्ड

गावपातळीवर निरोप द्यायचं साधन एकच होतं, दवंडी. कोतवाल डफ वाजवत गल्लीगल्लीतून जायचा आणि परवा चावडीवर डॉक्टर येणार असल्याचं ओरडून सांगायचा. आजच्या भाषेत हा ब्रॉडकास्ट. याचे फायदे विचार करण्यासारखे आहेत. वाचता येण्याची गरज नाही. घरात बसलेल्या बाईलाही ऐकू जातं. आणि सगळ्यांना एकच निरोप असल्यामुळे कोण आजारी आहे हे कुणाला कळत नाही. तोटा एवढाच, की तुमची तारीख ठरली असेल तर दवंडीचा काही उपयोग नाही.

ही गरज निर्माण झाली क्षयरोगामुळे. आधी क्षयाचा रोगी सॅनेटोरियममध्ये महिनोन्‌महिने राहायचा, त्याला तारीख द्यायचा प्रश्नच नव्हता. १९५६ पासून मद्रासमध्ये एक मोठा प्रयोग झाला. निम्मे रोगी सॅनेटोरियममध्ये, निम्मे आपल्याच गरीब वस्तीतल्या घरी, औषधं तीच. घरी राहिलेलेही जवळजवळ तितकेच बरे झाले. जगभरच्या क्षय-उपचाराची दिशा या निकालाने बदलली. १९५९ मध्ये बेंगळुरूला राष्ट्रीय क्षयरोग संस्था सुरू झाली आणि १९६२ पासून देशभर कार्यक्रम निघाला. रोगी आता घरी होता. वर्ष-दीड वर्ष त्याने ठरल्या तारखेला येऊन औषध न्यायचं होतं. दोन महिन्यांत खोकला थांबला, अंगात ताकद आली, की तो कशाला येतोय?

मग पत्र पाठवायची पद्धत आली. तारीख चुकली की आधी पत्र, तरी नाही आला तर घरी भेट. भारतात पोस्टकार्ड सुरू झालं १८७९ मध्ये, पाव आण्याला. १९८० च्या दशकात ते पंधरा पैशांना मिळायचं. १९९३ मध्ये छापून आलेल्या एका भारतीय अभ्यासात औषध न्यायला न आलेल्या क्षयरोग्यांना आठवणीची पत्रं पाठवली होती. ज्यांना पत्रं गेली त्यांच्यापैकी जास्त जणांनी उपचार पूर्ण केले, आणि वाचता न येणाऱ्यांनाही पत्राचा उपयोग झाला. हे वाचून मी चकित झालो होतो. माझ्या वडिलांना अजिबात आश्चर्य वाटलं नाही. ते म्हणाले, ‘‘अरे, न वाचता येणाऱ्याचं पत्र सगळी गल्ली वाचते.’’

वडिलांना हे माहीत होतं, कारण त्यांच्या वडिलांना, माझ्या आजोबांना, त्याच दशकात क्षय झाला होता. आजोबा केळीच्या पेढीवर हिशेब लिहायचे. एका हंगामात माल भरायची घाई होती, त्यात त्यांची औषधाची तारीख चुकली आणि घरी कार्ड आलं. पोस्टमनने ते ओट्यावर उभं राहून वाचून दाखवलं. तो नेहमीच सगळ्यांची पत्रं वाचून दाखवायचा, त्याचा काही दोष नव्हता. पण त्या वर्षी आत्याच्या लग्नाची बोलणी चालू होती. क्षयाच्या घरातली मुलगी म्हटल्यावर ती बोलणी थांबली.

आजोबांनी यावर काय केलं ते मला फार महत्त्वाचं वाटतं. त्यांनी औषध सोडलं नाही. ते दवाखान्यात गेले आणि म्हणाले, पुढचं कार्ड घरी पाठवू नका, पेढीच्या पत्त्यावर पाठवा, आणि त्यात दवाखान्याचं नाव घालू नका, नुसतं ‘हिशेब बाकी आहे, येऊन जाणे’ असं लिहा. तिथल्या कारकुनाने ते ऐकलं. पुढे एकदा तसं कार्ड आलंही. पेढीवर कुणाला काही वेगळं वाटलं नाही, कारण तिथे रोज तशीच कार्डं यायची. आत्याचं लग्न पुढच्या वर्षी झालं. आजोबा पूर्ण बरे झाले आणि ऐंशीच्या पुढे जगले.

‘पेशंटची पसंती’ म्हणून आज जो विषय शिकवला जातो, तो आमच्या घरात पंधरा पैशांच्या कार्डावर सोडवला गेला होता. काय लिहायचं, कुठे पाठवायचं, कुणाच्या हाती पडायला नको, हे त्यांना कोणत्याही तज्ज्ञापेक्षा जास्त माहीत होतं. फक्त ते विचारायला कुणी आलं नव्हतं, त्यांना स्वतः जाऊन सांगावं लागलं.

दारात येणारी बाई

कार्डाला न जमणारं काम माणसाला जमतं. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी नगर जिल्ह्यात जामखेडला काम सुरू केलं, तेव्हा गावातल्याच बायकांना, त्यातल्या कित्येक निरक्षर, आरोग्याचं प्रशिक्षण दिलं. २००५ मध्ये केंद्राच्या ग्रामीण आरोग्य अभियानातून आशाताई आल्या, त्यांची मुळं अशा प्रयोगांमध्ये आहेत.

आशाताईकडे यादी असते: कुणाच्या बाळाची लस राहिली, कुणाची बाळंतपणाची तारीख जवळ आली. पण यादीत नसलेलंही तिला ठाऊक असतं. अमकी सून सकाळी निंदणीला जाते, तिला दुपारीच गाठायचं. तमकीच्या सासूसमोर पाळणा लांबवण्याच्या इंजेक्शनचा विषय काढायचा नाही, विहिरीवर काढायचा. कुठल्याही डेटाबेसमध्ये या माहितीसाठी रकाना नसतो. दुसरी बाजूही आहे: आशाताई गावातलीच असते, कुणाची तरी जाऊ, कुणाची तरी नणंद. ज्यांना गावात कळू द्यायचं नाही, त्यांना नेमकी तीच दारात नको असते.

सत्तर अक्षरं

आता माझ्या धंद्याकडे येतो. जगातला पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडमध्ये गेला. एसएमएसची मर्यादा १६० अक्षरांची, हे तुम्ही ऐकलं असेल. ती मर्यादा रोमन लिपीसाठी आहे. मेसेजात देवनागरीचं एक जरी अक्षर आलं तरी सगळा मेसेज दुसऱ्या सांकेतिक पद्धतीत जातो आणि मर्यादा ७० वर येते. त्यातही काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही सगळी वेगळी अक्षरं म्हणून मोजली जातात. आपल्याला ‘तुमची’ तीन अक्षरी वाटते, यंत्र पाच मोजतं.

मी डॉक्टरांसाठी हा मजकूर लिहिला: ‘नमस्कार, उद्या सकाळी १० वाजता तुमची तपासणी आहे. केसपेपर सोबत आणा.’ मोजून ६५. उरलेल्या पाचात डॉक्टरांचं नाव बसत नाही. नाव घातलं की एका मेसेजचे दोन मेसेज, खर्च दुप्पट. तोच मजकूर इंग्रजीत लिहिला तर दवाखान्याचं नाव, पत्ता, फोन नंबर सगळं घालून जागा उरते. मराठी पेशंटला इंग्रजीत रिमाइंडर का येतो, याचं निम्मं उत्तर इथे आहे. माझ्या आजीला एका मोठ्या शहरातल्या हॉस्पिटलमधून डोळ्यांच्या तपासणीचे मेसेज यायचे, सगळे इंग्रजीत. तिने ते बँकेचे समजून कधी उघडले नाहीत. बँकेचा मेसेज उघडायचा नाही, हे आम्हीच तिला बजावलं होतं.

दुसरा भाग कायद्याचा. नको असलेल्या जाहिराती थांबवायला दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०१८ मध्ये नवे नियम केले. त्यांच्या नावातच ग्राहकाची पसंती हे शब्द आहेत. मेसेज पाठवणाऱ्याने स्वतःची आणि मजकुराच्या नमुन्याची आधी नोंदणी करायची. मार्च २०२१ मध्ये ही चाळणी एकदम लागू झाली, तेव्हा देशभर ओटीपी अडकले आणि ती आठवडाभर मागे घ्यावी लागली, हे काहींना आठवत असेल. या नियमांत ग्राहकाला काय काय निवडता येतं ते मी बारकाईने वाचलं. कोणत्या विषयाच्या जाहिराती हव्यात (त्यात आरोग्य हा एक गट आहे), कॉल की मेसेज, दिवसातल्या कोणत्या वेळी, आठवड्यातल्या कोणत्या वारी. फ्लॅटच्या जाहिरातीसाठी एवढी सोय आहे. स्वतःच्या शुगरच्या तपासणीची आठवण कशी हवी, हे मात्र माझ्या ओळखीत कुणालाच कुठल्या दवाखान्याने विचारलेलं नाही.

आवडणं आणि उपयोग होणं

ज्यांनी विचारलं त्यांना काय कळलं? बेंगळुरूमध्ये एचआयव्हीचे उपचार घेणाऱ्यांना २०१० च्या आसपास फोनवरून आठवण करून पाहिली गेली. बहुतेकांना मेसेजपेक्षा आवाजाचा कॉल बरा वाटला. खाजगीपणाला धक्का लागल्याची तक्रार थोड्यांनीच केली. मग दक्षिण भारतात ६३१ रुग्णांवर रीतसर चाचणी झाली, ती २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. दर आठवड्याला रेकॉर्ड केलेला कॉल आणि चित्राचा मेसेज. फरक पडला नाही. कॉल येणारे आणि न येणारे, दोन्ही गटांत औषध निकामी ठरण्याचं प्रमाण सारखंच राहिलं.

केनियात मात्र २०१० मध्ये छापलेल्या अशाच चाचणीत फायदा दिसला होता. तिथे दर आठवड्याला नर्सकडून एक छोटा मेसेज जायचा. त्यात औषधाचं नाव नव्हतं, तारीख नव्हती. स्वाहिली भाषेत नुसतं ‘कसं काय?’ विचारलेलं असायचं. रुग्णाने ‘बरं आहे’ किंवा ‘अडचण आहे’ एवढं कळवायचं. अडचण असेल, किंवा उत्तरच आलं नाही, तर नर्स फोन करायची. दोन चाचण्यांमध्ये इतर फरक पुष्कळ आहेत, पण हा मला सगळ्यात मोठा वाटतो: एकीकडे यंत्र बोलत होतं, दुसरीकडे कुणीतरी उत्तराची वाट बघत होतं.

शब्दांनीही फरक पडतो. लंडनमधल्या सरकारी हॉस्पिटलांत एक प्रयोग झाला. नेहमीच्या रिमाइंडरवर ११.१ टक्के लोक गैरहजर राहायचे. ‘न आल्यास आरोग्यसेवेला साधारण १६० पौंडांचा भुर्दंड पडतो’ असं लिहिल्यावर ते प्रमाण ८.४ टक्क्यांवर आलं. हे सावद्यात चालेल का? मला शंका आहे. इथे खर्च पेशंटच्याच खिशातून जातो. तो म्हणेल, मी आलो नाही तर माझेच पैसे वाचले.

आपल्याकडचं सगळ्यात जवळचं उदाहरण मुंबईचं. डॉ. अपर्णा हेगडे यांनी २००८ मध्ये स्थापन केलेल्या ‘अरमान’ या संस्थेची ‘एममित्र’ ही सेवा गरोदर बायकांना आणि बाळंतिणींना रेकॉर्ड केलेले कॉल पाठवते. नाव नोंदवतानाच बाईला भाषा आणि कॉलची वेळ निवडता येते. फोन नवऱ्याकडे असेल तर तो घरी परतल्यानंतरची वेळ निवडता येते. तरीही काही महिन्यांनी अनेक बायका कॉल ऐकायच्या थांबतात. कोण थांबेल याचा अंदाज बांधायला संस्थेने गुगलच्या संशोधकांबरोबर एक एआय मॉडेल वापरून पाहिलं. सुमारे २३ हजार बायकांवरच्या त्या अभ्यासात गळती जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाली. मॉडेलने फक्त यादी केली. कमाल केली ती यादीतल्या बायकांना संस्थेच्या माणसांनी स्वतः केलेल्या फोनने.

सावद्यात विचारलं तेव्हा

मग मी सुट्टीत दवाखान्याच्या बाकावर बसून लोकांशी बोललो. याला सर्व्हे म्हणत नाही. गप्पाच होत्या.

केळीवाल्या शेतकऱ्यांना सकाळची वेळ नको होती, पण कायमची दुपारही नको होती. शेतीची थ्री फेज लाइट कधी दिवसा असते कधी रात्री, आठवड्याच्या पाळीने. रात्री बागेला पाणी भरलेला माणूस सकाळी दहाला दवाखान्यात कसा येईल? एक जण म्हणाला, ‘‘मले तारीख नको भो, लाइटचं टाइमटेबल पाहून सांग.’’ तो गंमत करत होता, पण त्याचं बरोबर होतं.

म्हाताऱ्यांपैकी बऱ्याच जणांना स्वतःला काहीच नको होतं. ‘‘पोरीले फोन कर, ते मले सांगीन.’’ पोरगी नाशिकला. तिचा फोन आला की आईला बरं वाटतं. दवाखान्याची तारीख हे फोनचं निमित्त. काहींना व्हॉट्सॲपवर डॉक्टरांच्या आवाजातला मेसेज हवा होता. एका काकांना फक्त केसपेपरवर मोठ्या अक्षरात वार लिहून हवा होता, कारण तारीख त्यांच्या लक्षात राहत नाही आणि बाजाराचा वार कधी चुकत नाही.

आणि एक बाई, तिशीतल्या. त्या सगळ्यांच्या मागे थांबल्या आणि बाकीचे उठल्यावर हळूच म्हणाल्या, ‘‘भाऊ, घरात फोन एकच आहे. मेसेज सगळे वाचता. मला नका पाठवू काही. मी येते बरोबर.’’ कशासाठी येतात ते मी विचारलं नाही. मला आजोबांचं कार्ड आठवलं.

त्यामुळे आता नोंदणीच्या फॉर्मवर चार प्रश्न वाढलेत. आठवण कुणाच्या नंबरवर पाठवायची? कॉल, मेसेज की व्हॉट्सॲप? कोणत्या वेळी? निरोपात दवाखान्याचं नाव घालायचं का? आणि पहिल्या प्रश्नाला ‘पाठवू नका’ हाही पर्याय आहे. तो ठेवायला डॉक्टर तयार नव्हते. ज्यांना आठवणीची खरी गरज आहे तेच नको म्हणतील, हे त्यांचं म्हणणं, आणि ते चुकीचं नाही. थोडी वादावादी झाली. शेवटी असं ठरलं की ‘पाठवू नका’ म्हणणाऱ्यांच्या केसपेपरवर कंपाउंडर पुढचा वार हाताने लिहून देईल आणि तोंडीही सांगेल. ते आले नाहीत तर आम्ही काही करणार नाही, पुढच्या वेळी येतील तेव्हा पुन्हा विचारू.

‘आठ दिवसांनी’ असं टाइप केलं की प्रोग्रॅम सात मिळवतो, ‘पंधरा दिवसांनी’ला चौदा. त्याबद्दल अजून कुणाची तक्रार आलेली नाही.